डायनामोवरचा डबा

नगरजवळच्या नागापूरच्या शेडमध्ये मी मोटारींचं वाइंडिंग शिकायला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांच्यातली काळी पडलेली तार आम्ही उपसून काढायचो आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायचो. आम्ही चार मुली आणि आमच्यावर एक म्हातारे कारागीर होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. मुलींच्या हातून तार मोडत नाही म्हणून मालकांनी मुली घेतल्या होत्या. गावात मात्र, फौजीनं पोरगी कारखान्यात घातली, यावर वर्षभर बोलणं चाललं होतं. आठवडाभर मी नगरात मावशीकडे राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने पारनेरच्या पठारावर आमच्या गावी जायचे.

फौजी म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते सैन्यात गाड्यांचे मेकॅनिक होते. एका ट्रकचा जॅक निसटून त्यांचा डावा गुडघा चेचला आणि मुदत संपण्याआधीच त्यांना घरी यावं लागलं. आमच्या गावात दुरुस्त करायला एकही गाडी नव्हती आणि वीजही नव्हती. होता तो फक्त वारा. पठारावर आषाढात वारा सुटला की छपरावर धोंडे ठेवावे लागतात आणि दोन माणसं समोरासमोर उभी राहूनही ओरडून बोलतात. फौजेत असताना कुठल्याशा लांबच्या चौकीवर अण्णांनी एक यंत्र पाहिलं होतं. खांबावर पंखा, पंख्याला डायनामो, खाली बॅटरी. घरी परतल्यावर दुसरं काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

नगरच्या भंगार बाजारातून त्यांनी जुन्या ट्रकचा डायनामो आणला, गावच्या सुताराकडून सागवानाची दोन लांब पाती तासून घेतली आणि लोखंडी पट्ट्यांचा तीन पायांचा मनोरा जोडून आमच्या अंगणाच्या पश्चिमेला उभा केला. डायनामो ट्रकच्या इंजिनाइतका जोरात फिरला तरच वीज देतो आणि वारा काही रोज तेवढा जोर लावत नाही. म्हणून त्याच्या फिरत्या भागातली, आर्मेचरमधली, जाड तार काढून त्याजागी बारीक तार जास्त वेढ्यांनी भरायची ठरली. म्हणजे कमी फेऱ्यांतही बॅटरी भरते. ते काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत, चाचांच्या डोळ्यांदेखत मी ते दोन महिन्यांत पुरं केलं.

"झकास भरलंय, बेटी," चाचा म्हणाले. "फकत एक ध्यानात ठेव. बारीक तार लवकर तापते."

मी मान हलवली. माझ्या हातचं पहिलं आर्मेचर होतं ते. बाकी काही तेव्हा कानात शिरलंच नाही.

ज्येष्ठात यंत्र चालू झालं. आमच्या पडवीत एक दिवा आणि शेजारच्या शाळेच्या खोलीत एक. गावाने त्याला नाव ठेवलं, फौजीचं भिरभिरं. दुसऱ्या गावचे लोक बघायला यायचे. अण्णा त्यांना शेपटीची दोरी ओढून दाखवायचे. पंख्याच्या मागे पत्र्याची मोठी शेपटी होती. तिच्यामुळे पाती नेहमी वाऱ्याला तोंड देऊन राहायची. खालून दोरी ओढली की शेपटी बिजागरीवर दुमडायची, पाती वाऱ्याला कड द्यायची आणि थांबायची. थांबवायचा तेवढाच एक उपाय होता. अण्णांचा लंगडा पाय त्या वेळी कुणाच्या ध्यानातही येत नसे.

ते दुष्काळाचं बहात्तर साल. वारा रोज आणि पाऊस नाही, त्यामुळे पठारावर नुसती धूळ उडत होती. डायनामोच्या दोन्ही टोकांना खिडक्या असतात, त्यांतून ती आत शिरायची, आतले वीज उचलणारे कार्बनचे तुकडे अडकायचे आणि दिवा मिणमिणायचा. अण्णा दर चार दिवसांनी तो पाय ओढत मनोऱ्यावर चढायचे आणि साफ करायचे. एका शनिवारी मी घरी आले तर ते खाटेवर गुडघ्याला शेक घेत बसले होते.

"काहीतरी कर बाई याचं," ते मला म्हणाले. "तू शिकलीस ना?"

मी रॉकेलचा रिकामा डबा घेतला, तो कापून डायनामोभोवती बरोबर बसेल असं त्याचं कवच केलं, सांध्यांत गोणपाटाच्या पट्ट्या कोंबल्या आणि वरून डांबर फासलं. धुळीचा कणही आत जाणार नाही असं ते झालं. पुढचे दोन आठवडे कुणाला मनोऱ्यावर चढावं लागलं नाही. अण्णा येईल त्याला सांगायचे, "माझ्या लेकीनं चिलखत केलंय."

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, शेडमध्ये एक मोठी मोटार आली. कोपरगावकडच्या उसाच्या पट्ट्यातून. चाचांनी ती उघडली आणि आम्हा मुलींना जवळ बोलावलं. आतलं सगळं वाइंडिंग सारखं काळं झालं होतं. एखाद्या जागी ठिणगी उडून जळते तसं नाही, सगळीकडून भाजून निघाल्यासारखं.

"कुठं तुटलंय, दाखवा," चाचा म्हणाले.

आम्ही शोधलं. कुठेच तुटलेलं नव्हतं.

मग त्यांनी मोटारीच्या मागचं झाकण उलटं करून आपटलं. उसाच्या चोयट्यांचा घट्ट थर खाली पडला. "हिची बिमारी ही. आतला पंखा फिरत हुता, पण हवाच येत नव्हती. काम तेवढंच, ताप तेवढाच, फकत जायला वाट नाही. धा-पंधरा दिवस चालते अशी. चालते म्हणून माणसाला वाटतं बरी हाय."

 ट्रकच्या डायनामोलाही कप्पीच्या बाजूला छोटा पंखा असतो. तो खिडक्यांतून हवा ओढतो आणि तारेचा ताप बाहेर टाकतो. धूळ बंद करताना मी हवाही बंद केली होती. ती सुद्धा माझ्याच हातच्या बारीक तारेवर. चाचांना सांगायला मी तोंड उघडलं, पण बाकीच्या तिघी उभ्या होत्या. मी खाली पडलेला थर झाडायला घेतला. 

शनिवारी एसटीतून उतरले तेव्हा वारा इतका होता की पदर धरून चालावं लागलं. पाती दिसत नव्हती, तिथे नुसती एक करडी चकती दिसत होती. मी पिशवी पडवीत टाकली आणि थेट मनोऱ्यावर चढले. डब्याला तळवा लावून चाचा शिकवत तसे आकडे मोजायला लागले आणि तीनच्या आत हात काढावा लागला.

खाली आल्यावर अण्णांना म्हटलं, "डबा काढूया. फार तापतंय."

"गाडीतला डायनामो तापतोच. हात पोळेपर्यंत तापतो. मी काय कमी बघितलेत?"

"चाचा म्हणतात, हवा पाहिजे."

मी हे म्हणायला नको होतं. अण्णांचा चेहरा लगेच बदलला. "तुझे चाचा शेडमधे बसून काम करतात. त्यांना पठारावरची धूळ माहीत हाय का? ढग आलेत. उद्या परवा पाऊस आला तर उघड्या डायनामोत पाणी जाईल. आठ दिवस थांब. मग बघू."

"निदान आज रात्री शेपटी दुमडून ठेवा."

"इतका वारा वर्षात मिळत न्हाई आणि बॅटऱ्या रिकाम्या हायेत. शाळेला शब्द दिलाय मी."

मी पुढे बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, कवच मीच चुकीचं केलं, हे एक वाक्य बोलले असते तर ते उठले असते. पण ज्या गोष्टीचं गावभर कौतुक झालं ती मूर्खपणाची होती, हे मला त्यांच्या तोंडावर सांगवेना. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हटल्यावर मला थोडं बरंही वाटलं. आता माझ्यावरचं ओझं त्यांच्यावर गेलं, असं काहीतरी. रात्रभर मी पंख्याचा आवाज ऐकत पडून राहिले.

रविवारी सकाळी पाण्याचा टँकर आला. मनोऱ्याच्या उत्तरेला, वीसेक पावलांवर, गावाचा आड होता. आड कोरडा पडल्यापासून आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि आडात पाणी ओतून जायचा. मग ज्याचा दोर आधी त्याचं पाणी. टँकरचा भोंगा ऐकला की गावातल्या झाडून साऱ्या बाया घागरी घेऊन पळत सुटायच्या. त्या दिवशीही पन्नासेक बाया काठाभोवती होत्या, कडेवर लेकरं, पायाशी कळशा. माझी आई पहाटेपासून घागर ठेवून बसली होती, त्यामुळे तिचा दोर पुढच्या रांगेत होता.

मी पडवीत भांडी घासत होते. वारा पश्चिमेचा, मनोऱ्यावरून आमच्या घराकडे येणारा. एकाएकी वास आला. वार्निश जळण्याचा वास गोडसर आणि घशात रुतणारा असतो. वाइंडिंगचं काम केलेला माणूस तो झोपेतही ओळखेल. मी आत धावले. भिंतीवर विजेचा प्रवाह दाखवणारा काटा होता, तो थरथरत वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि शून्यावर पडून राहिला.

"अण्णा!"

ते बाहेर खाटेवर होते. मी सांगायच्या आधीच त्यांनी मान वर केली होती, कारण आवाज बदलला होता. इतके दिवस पंख्याचा घुमता, जड आवाज यायचा. आता तो बारीक होत चढत चालला होता. आत काय झालंय ते मला डोळ्यांनी बघितल्यासारखं कळलं. तापून तापून आर्मेचरच्या तारांची टोकं जिथे मी कथलाने जोडली होती ते कथील वितळून उडालं होतं. वीज तुटली होती. डायनामो बॅटरी भरत असतो तोवर पात्यांवर त्याचं ओझं असतं, ते ओझंच त्यांना आवरून धरतं. आता त्यांना आवरणारं काही उरलं नव्हतं.

अण्णांनी शेपटीची दोरी धरून ओढली. शेपटी हलली नाही. त्यांनी दोरी मनगटाला गुंडाळली आणि अंगाचा सगळा भार टाकला. दोरी वरच्या टोकाला तुटली आणि ते पाठीवर पडले. मी वर बघितलं. डब्याच्या सांध्यांतलं माझं डांबर पातळ होऊन खाली ओघळलं होतं आणि शेपटीच्या बिजागरीत जाऊन धुळीसकट थिजलं होतं.

सागवानाचं पातं किती वेग सोसतं ते मला माहीत नव्हतं. पण ते तुटलं तर वाऱ्याबरोबर पूर्वेला जाणार नाही, फिरण्याच्या रेषेत, म्हणजे उत्तरेला नाहीतर दक्षिणेला फेकलं जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. उत्तरेला आड होता.

मी आडाकडे धावले. "बाजूला व्हा! पातं तुटंल! समद्या तिकडं पडवीकडं व्हा!"

दोन-चार जणींनी वर बघितलं. बाकीच्यांनी तेही केलं नाही. दोर आडात होते, बादल्या वर येत होत्या.

"वारं तिकडं चाललंय की," एक बाई म्हणाली. "हिकडं कशाला येईल?"

"वाऱ्याकडं नाही जात ते. गोफणीतला धोंडा सुटतो तसं सुटंल. तुमच्याच अंगावर येईल!"

"व्हय, आन आमी हाललो की तुझ्या आईची घागर पयली!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हसू आलं. खरंच हसू आलं. डोक्यावर तो आवाज शिट्टीसारखा झाला होता आणि त्या हसल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्या पाण्यावर त्यांना चार दिवस काढायचे होते आणि मी कारखान्यात जाणारी फौजीची पोर होते.

आईने माझ्याकडे बघितलं. तिची बादली अर्ध्यावर आली होती. तिने दोर सोडून दिला. अख्खा दोर, बादलीसकट आडात गेला आणि खाली पाण्यात आपटल्याचा आवाज आला. मग तिने शेजारच्या बाईच्या कडेवरचं पोर हिसकून घेतलं आणि आमच्या पडवीकडे पळत सुटली. पोर रडायला लागलं. त्याची आई तिच्यामागे शिव्या देत धावली. ज्यांच्याकडे लेकरं होती त्या आणखी पाच-सहाजणी त्यांच्यामागून गेल्या आणि मग रांग मोडली. सगळ्या नाही हलल्या. दहा-बारा जणी, मोकळा काठ मिळाला म्हणून उलट पुढे सरल्या.

मागे वळले तर अण्णा कमरेला पहार खोचून मनोऱ्याच्या दुसऱ्या पायरीवर होते. गुडघा वाकत नव्हता, ते हातांनी स्वतःला वर ओढत होते. मी सदरा धरून त्यांना खाली खेचलं. आयुष्यात मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

"सोड! तुझं काम न्हाई ते!"

"तुमचा पाय वर टिकणार नाही. तुम्ही पडलात तर दोघं जाऊ. पहार द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहार दिली.

मी लुगड्याचा काष्टा खोवून पदर कमरेला आवळला आणि चढले. मनोरा पायाखाली ताप भरलेल्या माणसासारखा थडथडत होता. वर एक अरुंद फळी होती, तिच्यावर मी पोटावर झोपले. पाती माझ्यापासून हातभर पलीकडे होती आणि ती दिसत नव्हती. फक्त गालावर थंड झोत येत होता. वारा जरा बाजूने आला की पंखा-डायनामोचं सगळं डोकंच फिरायचं, शेपटीसकट, आणि मला सरकून त्याच्या मागे मागे राहावं लागायचं. डब्यातून धूर येत होता.

बिजागरीत पहारीचं टोक घातलं, रेटलं. निसटलं. पुन्हा घातलं. खालून अण्णा काहीतरी ओरडत होते, मला शब्द कळत नव्हते. तेवढ्यात वाऱ्याने उसळी घेतली, डोकं फिरलं, माझा पाय फळीवरून सुटला आणि मी हाताला आलं ते धरलं. तो डबा होता. उजवा हात त्यावर टेकला तेव्हा कातडी जळल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मी तो सोडू शकत नव्हते, कारण दुसरा आधारच नव्हता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाय पुन्हा फळीवर लागला तेव्हा मी हात सोडवला, पहार छातीखाली घेतली आणि हातांनी नव्हे तर अंगाने तिच्यावर पडले.

शेपटी एकदम सुटली. धाडकन वळून आपटली, डोकं फिरलं आणि पाती वाऱ्याच्या कडेला गेली. पण ती थांबायच्या आत, वळण्याच्या त्या झटक्यात, एका पात्याचं टोक, चांगलं दोन हात लांब, तडकून निघालं. मी ते जाताना पाहिलं. आडावरून, त्या वाकलेल्या बायांच्या डोक्यांवरून ते गेलं आणि शाळेच्या भिंतीला लागून त्याच्या चिरफळ्या झाल्या. भिंतीतला एक दगड निखळून पडला.

 आडावरच्या एका बाईच्या हातचा दोर सुटला. मग सगळं शांत झालं, इतकं की पडवीतलं ते पोर रडत होतं ते मला वर ऐकू आलं.

खाली उतरताना मला एकच हात वापरता येत होता. अण्णांनी मला शेवटच्या पायऱ्यांवरून उचलून घेतलं. माझा तळवा त्यांनी आपल्या हातात धरला. मग मी बोलले, आधी न बोललेलं सगळं. कवचाचं, हवेचं, कोपरगावच्या मोटारीचं, गुरुवारपासून मला माहीत होतं ते. रडत रडत, तुटक तुटक.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बुधवारी मी वर चढलो हुतो. डब्याला हात लावला हुता मी बी. लोक बघायला येत होते ना. म्हटलं, आणखी थोडे दिवस."

आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

बाया मात्र बोलल्या. जिचं पोर आईने पळवलं होतं तीच अंगणात उभी राहून अण्णांना म्हणाली, "फौजी, आज माझं लेकरू तिथं हुतं. तुमच्या उजेडाच्या नादात आमी मरायचं का?"  ती चुकीचं बोलत नव्हती. त्या दिवशी आमच्या घरात पाणी आलं नाही. संध्याकाळी आईने शेजारून एक तांब्या मागून आणला, तो माझ्या हाताला लावायच्या फडक्यालाच लागला.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे माणसं जमली. मनोरा पाडा, असं बहुतेकांचं म्हणणं होतं.  पण तीच बाई मधे म्हणाली, "पाडा कशाला? पोरं दिव्यात वाचत्यात. आडापासनं लांब न्या म्हंजे झालं." त्यावर निकाल लागला. अण्णांनी पाती सोडवून गोठ्यात ठेवली आणि मनोरा उलगडला.

मी तीन आठवडे कामावर गेले नाही. गेले तेव्हा जळलेलं आर्मेचर पिशवीत घेऊन गेले आणि चाचांच्या पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी आर्मेचर हातात फिरवून बघितलं, मग माझा हात बघितला, आणि म्हणाले, "त्या दिवशी इथंच बोलली असतीस तर मी मालकाची सायकल घेऊन आलो असतो." म्हातारा माणूस, नागापूरहून पठारापर्यंत सायकलने. पण ते आले असते.

ते आर्मेचर आम्ही दोघांनी मिळून पुन्हा भरलं, या वेळी जरा जाड तारेने. माझ्या दोन बोटांचा वाक कमी झाला होता, म्हणून बारीक टोकं त्यांनी घेतली. डब्याऐवजी मी पत्र्याची टोपी केली. वरून आणि वाऱ्याच्या बाजूने बंद, खालून आणि मागून उघडी, उघड्या तोंडांवर बारीक जाळी. जाळी दर आठवड्याला झाडायची. वर्ष उलटल्यावर मनोरा गावापासून लांब, माळाच्या टेकाडावर उभा राहिला. एवढ्या लांब तार आणली तर वीज वाटेतच विरते, म्हणून बॅटऱ्या तिथेच भरायच्या आणि बैलगाडीतून गावात आणायच्या. तो उद्योग आमच्याकडे विजेचे खांब येईपर्यंत चालला. त्या काळात डायनामो दोनदा बिघडला, पण तापून नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा, सामान भरताना, मी आईला एकदा विचारलं. इतकी पहाटेपासून नंबर धरून बसलेली, मग बादलीसकट दोर कसा सोडलास? माझं गोफणीचं बोलणं तुला पटलं होतं का?

आई पातळाची घडी घालत होती. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तू लहान असताना तुला चुलीपाशी इंचू चावला हुता. त्या येळी जशी वरडली हुतीस, तशीच वरडलीस. ते ऐकल्यावर हातात काय हाय त्ये बघितलंच न्हाई मी."

मग तिने मला दुसरं पातळ धरायला दिलं, कारण लांबीला ते तिच्या एकटीच्या हातात मावत नव्हतं.